एका खांद्याचं ओझं

४ ऑक्टोबर
चि. बारक्यास, अ. उ. आ.
डॉक्टरांनी तुझ्या पाठीला डोंगर बंद केले, हे कळलं. आता मुकाट्याने पडून राहा. पडून राहण्यात तू लहानपणापासून हुशार. दरवर्षी आपण दोघे भाऊ कड्यांचे फोटो काढायला जायचो, यंदा मी एकटा. कॅमेरे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही, सामान निवडायलाही कुणी शिकवू नये. तेव्हा मोबाइल पुरे ही तुझी सूचना केराच्या टोपलीत.

दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. ट्रायपॉड आणि लांब लेन्स आजवर तुझ्या पाठीवर असायची, म्हणून त्यांचं वजन मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही घरीच ठेवतो. कॅमेऱ्याची लहान बॉडी, एक वाइड लेन्स, जादा बॅटऱ्या. थंडीत त्या लवकर उतरतात, म्हणून आतल्या खिशात. एका खांद्याला झेपेल एवढंच.

औषधं चुकवू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
दादा

१० ऑक्टोबर
ती. दादास, सा. न. वि. वि.
काट्यावर स्वतःही उभा राहिलास का? पोट घरी ठेवलंस तर लांब लेन्स सहज नेता येईल. चिडू नकोस. माझ्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी दिसते, तेवढाच माझा डोंगर. यंदाचा कडा मला तुझ्या फोटोतच बघायचाय, तेव्हा आधी मला पाठव. एकटा आहेस, पाय जपून टाक.
तुझ्या रागालोभाचा धनी,
बारक्या

२ नोव्हेंबर
चि. बारक्यास, अ. उ. आ.
सुखरूप परतलो. सामानाची निवड बिनचूक. खांदा जराही दुखला नाही. फोटो मात्र फसले.

कड्याची उंची कळावी म्हणून तू डावीकडे उभा राहायचास, श्वास रोखून. मी सवयीने तेवढी जागा सोडून फोटो काढत गेलो. एकदा तर जरा मागे सरक म्हणून ओरडलोसुद्धा. मग आसपास पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ऐकायला होतं कोण!

आता कडा केवढा होता, ते एकाही फोटोत कळत नाही. डावी बाजू कापून छापली तर निदान चौकट नीट बसेल, म्हणून कापायला घेतली. हात धजेना. तशीच छापून पाठवतोय.

हसशील. हस पोटभर, पण उत्तर लवकर लिही.
दादा