पहिलं विरजण

सोमवार, दिवेलागण, सुर्ला, गोवा

मी सांगते, नात सुमन लिहिते. उद्या तिचा गणिताचा पेपर. अभ्यास टाळायचा तर आजीचं सांगणं गोड!

आज मांजरानं दह्याचं भांडं चाटून पुसलं. विरजणापुरतंही उरलं नाही. पोर दही-साखर न खाता पेपराला जाणार? जीव थाऱ्यावर नाही.

सुमन म्हणाली, "आजी, आमच्या गणितातल्या श्रेणीचंही असंच. पुढचं पद मागच्यातून निघतं, कधी संपत नाही. पण पहिलं पद कुणीतरी द्यावं लागतं."

देणार कोण? शेजारची शांता. मराठी की कोंकणी, या भाषेच्या भांडणापासून आमचा अबोला. तिचं विरजण मुळात माझ्याच घरचं. तरी गेले.

म्हणते, "कोंकणींत माग, मगीर दितां."

"भवाने, जल्मभर तुजेकडेन आनी कशांत उलयल्यां गो?"

जन्मभर तिच्याशी मी कोंकणीतच तर बोलत आले! हसली, आणि आपल्याच वाटीतून विरजण दिलं.

दूध फार गरम तर नव्हतं ना? दही लागेल ना? झाकण काढून दोनदा बघून आले. सुमन ओरडते.

लागलं, तर शांताची वाटी भरूनच परत करायची. आमचं मांजर काही सुधारणार नाही. पुन्हा मागायला एक घर असावं.