वाडीची वेगळी ग्रामपंचायत

आप्पा, वाडीला वेगळी ग्रामपंचायत मिळावी हा तुमचा ठराव आज ग्रामसभेत पडला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. त्यासाठी तुम्ही शिरूरला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायचात, आणि मी इंग्लिश मीडियमच्या युनिफॉर्ममध्ये किचनच्या ओट्यावर बसून विचारलं होतं, "वेगळी कशाला? मोठ्या गावाची आहे ना आपल्याला, जवळच तर आहे." तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "एका दाखल्यासाठी त्यांच्या दारात दिवसभर उभी ऱ्हा, मंग मला इचार."

मला ते कळलं फ्रान्समध्ये. कॉलेजच्या एक्स्चेंजवर गेले, तर राहायला एक खेडं, आपल्या वाडीएवढंच. आणि त्याला स्वतःचा मेयर! शाळेशेजारची एक खोली, तेच ऑफिस. मेयर गाईंचं दूध काढून गमबुटातच येतो, कुलूप उघडतो, दाखल्यावर स्वतः शिक्का मारतो. शेजारच्या गावात विलीन व्हायचं का, यावर मीटिंग होती. काठी टेकत म्हाताऱ्या आल्या, सगळे नाही म्हणाले. मी मागे उभी राहून रडले, तुमच्यासाठी.

परत आले ती हेच डोक्यात घेऊन. पंचायतीत मेंबर झाले, ठराव आणला, घरोघर फिरून त्या मेयरची गोष्ट सांगितली. सगळे हसायचे. "ताई, पयल्या सभेला कोण येतं व्हय? तहकूब होऊ द्या. मंग कोरम लागत न्हाई, तवा येतो." खरंच, पहिल्या सभेला सरपंच, ग्रामसेवक आणि मी. आज तहकूब सभेला मात्र अख्खी वाडी आली. मला वाटलं, झालं काम. तर तुमच्याबरोबर शिरूरला यायचे ते मामाच उठले. "पोरी, कंपन्या समद्या मोठ्या गावाच्या हद्दीत. त्यांचा टॅक्स तिकडंच ऱ्हानार. आपन नुसता शिक्का घिऊन पानी कशानं आनायचं?"

"आणि आप्पा?" मी म्हणाले.

"आप्पा व्हता तवा कंपन्या कुठं व्हत्या?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताईला मेयर व्हायचंय!" हशा झाला, आणि आपल्याच वाडीचे हात विरोधात वर गेले.

मामांचं चुकलं, असं मला म्हणता येत नाही. आणि खरं सांगू? ते हात बघून मला वाईट नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला समजवायला नको, शिरूरला जायला नको. दमलेय हो मी. एवढं तुमच्या फोटोसमोर बोलवेना, म्हणून लिहिलं.