स्टुलाचा आखूड पाय

आदरणीय मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार घालायचा बेत होता, पण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा डाव्या हाताचा अर्धा नमस्कार गोड मानून घ्यावा. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमचा रंधा, करवत आणि रक्तदाब ठीक असावेत. पत्र मी सांगतोय, लिहितेय तुमची बहीण. मी सांगेन त्याहून एक अक्षर जास्त लिहायचं नाही, असं बजावलंय. (कंसातलं माझं.)

तर, पाट्या रंगवायच्या आमच्या कारखान्यात मी पडलो. आठ फुटी पाटी, शेवटचं एकच अक्षर राहिलेलं आणि पायाखाली तुम्ही स्वतःच्या हाताने करून दिलेलं स्टूल. ते डुललं, मी हवेत आणि खाली पिवळ्या रंगाची बादली. मनगट मोडलं ते मोडलंच, वर मालकासकट सगळा कारखाना पोट धरधरून हसला. तेव्हापासून मला ‘हळद्या’ म्हणतात. (शोभतं.)

चूक माझी कशी नव्हती, याची मी दोन दिवस घरात तालीम केली. (मला मालक करून.) भरपाईच्या कचेरीत गेलो, तर तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, चूक कुणाची ते आम्ही विचारतच नाही, कामावर असताना पडलात ना, मग दवाखान्याचा खर्च आणि पगारातला काही भाग मिळेल, करा सही. अहो, एवढं पाठ केलेलं भाषण, निदान ऐकून तरी घ्यायचं! बरं, फॉर्मवर बोट, मनगट, खांदा, सगळ्याला रकाना; बेअब्रूला नाही. मी विचारलं, लोक हसले त्याचं काय? बाईंनी पुढच्या माणसाला हाक मारली. (आधी त्यांनीही हसून घेतलं.)

माझं डोकंच फिरलं. सही केली आणि तडक वकील गाठला. तो म्हणाला, दुखण्याची आणि मनस्तापाची भरपाई हवी तर कोर्टात दावा लावावा लागेल, आणि तिथे पहिला प्रश्नच हा, की चूक कुणाची? ती पुराव्यानिशी दाखवायची. शिवाय ती कचेरीतली भरपाई घेतल्यावर मालकावर दावा लावता येत नाही, तिसरा कुणीतरी हवा. स्टूल कुणी केलं? मेहुणेबुवा, मी जीभ चावली हो, पण तोवर तुमचं नाव बाहेर पडलं होतं.

नोटीस आली तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही देवमाणूस. फक्त तुमच्या स्टुलाचा एक पाय बोटभर आखूड आहे, एवढंच कोर्टापुढे सिद्ध करायचंय. खटला वर्षानुवर्षं चालेल म्हणे, म्हणजे तारखांच्या निमित्ताने भेटी होतील. कोर्टातून जेवायला घरीच येत जा.

आपला नम्र आणि तूर्त डावखुरा वादी

ता. क. — मागे स्टूल डुगडुगतं म्हणून मी त्याचा एक पाय जरासा कापला होता. (बोटभर.) तो तुकडा तुमच्या बहिणीने कुठे ठेवलाय ते ती सांगत नाही. तिला टाकून दे म्हणावं, तुमचं ऐकते.

ता. क. दुसरा — दादा, हे अंघोळीला गेलेत, म्हणून हे कंसाबाहेर. तुकडा माझ्या शिलाई मशीनखाली आहे, मशीन आता मुळीच हलत नाही. नोटीस-बिटीस काही येणार नाही. यांच्याच तोंडून त्या तुकड्याचं ऐकल्यावर वकिलाने कालच हात जोडले, पण हे मानायला तयार नाहीत. गुरुवारी प्लास्टर निघेल. पुन्हा ब्रश धरता येईल की नाही, ते तेव्हाच कळेल म्हणतात डॉक्टर. चार दिवस झाले, हे डाव्या हाताने रद्दीवर अक्षरं काढून बघतायत आणि मी आले की कागद उलटा करतात. घाबरलेत रे. मीही घाबरलेय. तू ये. दवाखान्यात कुणी सोबत नको म्हणतात हे, पण तू दाव्याची तडजोड करायला आलोय असं सांग, म्हणजे बरोबर नेतील.