ठेंगूच्या चाकोऱ्या

४ मे, सोमवार
ट्रॅक्टर आला! इतका बुटका की खेळण्यातला वाटतो. मी त्याचं नाव ठेंगू ठेवलं. पोटाखाली पाती, वर एक खुर्ची आणि खुर्चीवर मी — वृद्धाश्रमाची माळीण, वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गवत कापायचं ढकलयंत्र एकोणीस वर्षं ढकललं. आज अख्खं लॉन बसून कापलं! व्हरांड्यातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत हात हलवला आणि तेवढ्यात एक कुंडी फोडली.

११ मे
सरळ जायचं तर समोर खूण हवी. म्हणून दर वेळी व्हरांड्याच्या पायरीपासून सुरुवात करते आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या बाकावर नजर रोखून सुटते. पहिला पट्टा सुतासारखा सरळ येतो. वळताना मात्र ठेंगू गवत सोलून काढतो, बटाट्याचं साल काढावं तसं.

२५ मे
पाऊस पडून गेला होता, तरी कापलं. हौस! चाकं रुतली. पायरीपासून थेट बाकापर्यंत दोन लांब चाकोऱ्या, चांगल्या दोन बोटं खोल. गवत वाढलं की झाकल्या जातील, अशी मनाची समजूत घातली.

२ जून
आज मास्तर एकटे बाकापर्यंत गेले!

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी दृष्टी गेली, तेव्हापासून व्हरांड्याचा कठडा धरून फेऱ्या. कुणी हात धरायला गेलं की झिडकारतात. आज काठी टेकत निघाले ते सरळ बाकावर जाऊन बसले. नर्सबाई चहाचा कप धरून नुसत्या बघत राहिल्या. मी विचारलं, कसं काय जमलं? तर म्हणे, सांगून तुला कळणार नाही. शिष्ट म्हातारा!

९ जून
मास्तर रोज साडेसातला बाकावर. जेवण वाढलंय. नर्सबाईंना टोमणे मारायला लागलेत, म्हणजे तब्येत उत्तम.

१० जून
व्यवस्थापक साहेबांनी बोलावलं. हे लॉन आहे की नांगरलेलं शेत, असं विचारलं. तीस तारखेला विश्वस्त बघायला येणार आहेत. त्या दिवशी एक जरी चाकोरी दिसली, तर ठेंगू परत आणि काम बाहेरच्या कंपनीला.

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा."

असला आराम माझ्या वैऱ्याला मिळो. घरी येऊन रडले. मग भांडी आपटली. मग बरं वाटलं.

१२ जून
आमचे हे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. सल्ले देण्यातून अजून झालेले नाहीत. आज लॉनच्या कडेला हात मागे बांधून उभे. म्हणाले, चाक जागच्या जागी मुरगळू नकोस, मोठा वळसा घे. टायरमधली हवा थोडी कमी कर, म्हणजे चाक पसरतं आणि वजन वाटलं जातं. ओल्या मातीत किल्लीच लावू नकोस. आणि दर खेपेला दिशा बदल — एकदा उभं, एकदा आडवं, एकदा तिरकं — चाक पुन्हा त्याच जागी पडता कामा नये.

चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी मधे न बोलता ऐकून घेतलं. ते घाबरले. कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं!

१४ जून
चाकोऱ्यांतली माती खुरप्याने सैल केली, वर माती-वाळू भरली, बी टाकलं. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

२२ जून
आज आडवं कापलं. एक खूण नाही! कोवळं गवतही वर आलंय. साहेब बूट घालून सगळीकडे चालून आले आणि काहीच बोलले नाहीत. म्हणजे पास! ठेंगूला स्वतःच्या हाताने पुसून काढला. यांच्यासाठी जेली आणली, त्यांना आवडते म्हणून. सल्ल्याची फी.

२४ जून
मास्तर बाकावर नाहीत. आठवडाभर नव्हते म्हणे, माझंच लक्ष नव्हतं. विचारलं तर म्हणे पाय दुखतात. पुन्हा कठडा धरून बसलेत. नर्सबाई म्हणाल्या, ताट अर्धं परत येतंय.

२८ जून
आज लवकर आले. मास्तर लॉनच्या मधोमध उभे. काठीचं टोक जमिनीवर डावीकडे फिरवत, मग उजवीकडे, मग दोन पावलं मागे. बाक पाठीशी राहिलेला आणि तोंड कुंपणाकडे.

मी जवळ जाऊन विचारलं, काय शोधताय?

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "इथे दोन चर होते. मी त्यांच्या मधून चालायचो. काठी एकात घसरली की दुसरीकडे सरकायचं. बुजले वाटतं."

बुजले नव्हते, मी बुजवले होते. मी हात पुढे केला. त्यांनी तो मुकाट्याने धरला. झिडकारला असता तर बरं वाटलं असतं.

२९ जून
साहेबांना सगळं सांगितलं. पायवाटेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तोवर नर्सबाई हात धरून नेतील. उद्या मात्र लॉन आरशासारखं हवं.

दुपारपासून पाऊस.

३० जून
सकाळी सहा. माती ओली होती. पाती वर उचलली आणि ठेंगूला पायरीपासून बाकापर्यंत नेला. त्याच चाकांवरून परत आणला. असं चार वेळा.

विश्वस्त अकराला येणार आहेत. मास्तर साडेसातला बाकावर पोचले.