प्राजक्ताच्या बुडाची माती

मुकुंदवाडी

प्रिय स्वरदा, तुला अनेक आशीर्वाद.

मातीसाठी तू फोन करत राहिलीस आणि मी टाळत राहिले. कधी पाहुणे आलेत म्हटलं, कधी गुडघा दुखतोय, परवा तर नुसतंच 'बघू'. आमच्या हिमांशूच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काम केलेली पोर तू, माझ्या सबबी तुला कळल्याच असतील.

अंगणातल्या प्राजक्ताच्या बुडाशी त्याला तो सूत्रकृमी, मातीतला डोळ्यांना न दिसणारा किडा, सापडला, त्यात माझी चहाची गाळणी गेली. गाळणीत कागद, त्यावर माती, खाली पाण्याची ताटली. रात्रीतून किडे आपोआप पाण्यात उतरतात म्हणे. देवाधर्माच्या घरात हे काय, म्हणून मी रागावले. त्यानं नवी गाळणी आणून दिली, तीही स्टीलची, मग मी गप्प बसले. भिंगाच्या यंत्रातून मला एकदा दाखवला. मला काचेचा बारीक दोरा दिसला, त्याला त्याच्या तोंडाची ठेवण दिसत होती. "आई, नुसती जात नवी नाही, अख्खी प्रजातीच, म्हणजे जातींचं घराणंच नवं आहे. हिला अजून कुणी नावच दिलेलं नाही." तपासायला किडे गरम पाणी घालून मारावे लागत, एकादशीला मात्र मारायचा नाही. माझ्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचा.

मग ती कावीळ. दवाखान्यातसुद्धा ताटल्या झाकल्या का, विचारत होता.

त्याचं राहिलेलं लिखाण तू पुरं करतेस, त्या जातीला त्याचं नाव देतेस. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, किड्याला लेकाचं नाव? छापण्याआधी लिखाण तपासणाऱ्यांनी अडवलंय, हेही तू सांगितलंस. सगळ्या माद्याच सापडल्यात, नर दाखवा, तरच प्रजाती नवी धरू. आणि नर मिळाला तर तिथल्याच मातीत मिळणार.

स्वरदा, अस्थी त्याच्या बाबांनी पैठणला सोडल्या. राख मी त्या प्राजक्ताच्या बुडाशी घातली. तेव्हापासून तिथं खुरपं लावलेलं नाही. सकाळी फुलांचा सडा पडतो. ती देवाला वाहावीत का, कळत नाही. तशीच सुकू देते.

राखेखाली तुझे किडे उरलेत का, ठाऊक नाही. रविवारी ये. खुरपं काढून ठेवते. तूच खण, मी आत देवापाशी बसेन. तेवढं एक कर. बघून झालेली माती तुम्ही लोक फेकून देता, हिमांशूही द्यायचा. ही फेकू नकोस. नर सापडो, न सापडो, डब्यात भरून सगळी परत आण. ताटलीतलं पाणीसुद्धा.

तुझीच,
भानुमती काकू