दहा मिनिटं कुणाची?

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा सप्रेम सलाम. (होय, तोच. आठ महिन्यांत एक ओळ न लिहिणारा.) तुझे गुडघे कसे आहेत हे थेट विचारायचा मला धीर होत नाही, म्हणून ताईची तब्येत विचारतो, जावईबापूंची विचारतो, त्यांच्या दारच्या कुत्र्याचीही विचारतो, गुडघ्यांचं तू आपणहून कळव. इकडे सगळे सुखरूप आहोत. बायकोच्या मते मी सुखरूप नसून बावचळलोय, पण त्याचं कारण पुढे येईलच.

बातमी अशी, की आपलं चर्च हलणार. जुन्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात, आणि त्या एकतीस पायऱ्या... त्यांचं शेवटी बोलू, आत्ता नको. नवं चर्च, शेजारी सभागृह, बालवाडी, छोटा दवाखाना, असा सगळा संसार एकाच आवारात थाटायचाय, तोही भर शहरात. जागा शोधायचं काम चर्चच्या मंडळीने एकमताने माझ्या गळ्यात मारलं. अध्यक्ष म्हणाले, आर्किटेक्ट घरचाच आहे, म्हणजे हक्काने ओरडता येईल. आणि त्यांनी तो हक्क बजावायला त्याच दिवशी सुरुवात केली.

तीन जागा पुढे आल्या. मी मोठ्या तोऱ्यात शंभर गुणांचं प्रगतिपुस्तक बनवलं: माती, उतार, ऊन, आवाज, शेजार, आणि लोकांना चालत येता येतं का याला एकट्याला चाळीस गुण. पहिली जागा बसस्थानकाला लागून. तिथे आवाज मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन मी सकाळपासून घडीच्या खुर्चीवर बसलो. दर अकरा मिनिटांनी एक बस मागे यायची आणि कंडक्टर तिच्या पाठीवर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचा. पाळकसाहेबांनी तिथेच उभं राहून प्रवचनाची चार वाक्यं म्हणून पाहिली, तर चारही ‘येऊ द्या’ने संपली. ते म्हणाले, वाईट नाही, आपलंही म्हणणं तेच आहे. दुपारपर्यंत लोक मला चौकशीवाला समजायला लागले होते. (मी दोघांना भलत्याच बसमध्ये बसवलं. देव त्यांना सुखरूप परत आणो.)

दुसरी जागा गिरणीमागचं मैदान. शांतता इतकी, की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी. मी खूश होऊन भराभर गुण देत सुटलो. मग माती बघायला कमरेएवढा खड्डा खणला, तर आत पाणी. ते वाकून बघताना मी त्यात उतरलो (पडलो म्हणवत नाही), वर आलो तेव्हा डावा बूट खालीच राहिला. अध्यक्ष म्हणाले, चला, पायाभरणी उरकली. बायकोने उजवा बूट अजून जपून ठेवलाय, भांडणात दाखवायला.

तिसरी जागा बंद पडलेल्या बाटलीच्या कारखान्याची, आणि चक्क तिकोनी. तिच्यात काहीही बसवा, एक कोपरा रुसून बसतोच. तिला अडतीस गुण दिले, तेही दयेपोटी.

म्हणजे जिंकलं बसस्थानक. कारण नकाशावर मी प्रत्येक जागेभोवती दहा मिनिटांच्या चालीचं वर्तुळ काढलं होतं, आणि बसस्थानकाच्या वर्तुळात निम्मी मंडळी येत होती. सभेत छाती फुगवून नकाशा दाखवत होतो, तेवढ्यात आपले घंटाकाका उठले. चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवणारा हा माणूस सभेत पहिल्यांदाच बोलला: “दहा मिनिटं कुणाची रे?”

मी म्हटलं, माणसाची. म्हणजे माझीच, झपझप चालून मोजलेली. काकांनी नुसती मान फिरवून सगळ्या बाकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मावशी, काठ्याच काठ्या! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या आईला, वय अठ्ठ्याऐंशी, चालायला लावून मी घड्याळ घेऊन मागे निघालो. दहा मिनिटांत आजी घरच्या फाटकापासून जेमतेम कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत पोचल्या, त्यात त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी आली. मी म्हटलं, आजी, थांबू नका, मोजमाप चुकतंय. त्या म्हणाल्या, अरे, वाटेत कुणाशी बोलायचंच नसेल तर घरीच बसून प्रार्थना करीन की!

नवी वर्तुळं काढली ती बटणाएवढी झाली. बसस्थानकाच्या बटणात चार घरं. तिकोन्या जागेभोवती मात्र सपाट गल्ल्या, बसायला दोन बाक, आणि आपली बहुतेक म्हातारी माणसं. ती अडतीसवाली पहिली आली.

आता पायऱ्या. ती वर्तुळं काढताना आठवलं, तू मला शाळेत सोडायचीस तेव्हा माझ्या पावलाने चालायचीस. एकदाही हात ओढला नाहीस, रोज उशीर व्हायचा आणि बाईंची बोलणी तूच खायचीस. आणि तुला त्या एकतीस पायऱ्या चढवेनात, तेव्हा मी काय केलं? उपासनेत तुझ्या जागी पेटी वाजवायला दुसरं कुणी बसलं, आणि चार रविवार माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. ताई तुला तिच्या सासरी घेऊन गेली हे मला शेजारणीकडून कळलं. मावशी, चुकलो गं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून आणखी लाज वाटली. त्यात आठ महिने गेले.

रागाव, पण रागावल्याचं पत्र पाठव.

तुझा,
बिनबुटाचा भाचा

ता. क. जागा ठरल्यासारखं लिहिलंय खरं, पण ठरलेली नाही. परवा नुसते हात वर केले तर एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. खरं मतदान येत्या महिन्यात आहे. यादीत तुझं नाव अजून आहे, घंटाकाकांनी खोडू दिलं नाही.

ता. क. २ मतासाठी मस्का लावतोय असं समजू नकोस. मत खुशाल बसस्थानकाला दे. आमची खालची खोली नकाशे उचलून रिकामी केलीय, एकही पायरी नाही. तिथून तिकोनी जागा तुझ्या पावलांनी दोनशे दहा पावलं असावी. तुझ्यासारखा चालून मोजली. गल्लीतले विचारत होते, पाय मुरगळला का.

ता. क. ३ पण अंदाजाने नकाशा होत नाही. तू येऊन मोज. मी बरोबर चालेन, तुझ्या पावलाने. उपासनेला उशीर झाला तर होऊ दे, या वेळी बोलणी मी खाईन.