काच वर घे

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस. काल नाशिकहून बॅग, लॅपटॉप आणि दिवाळीचा उरलेला चिवडा घेऊन बजाजनगरात उतरले. पारूबाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. मी गॅरेजात काम करणार म्हटल्यावर त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि नखं तर लई साफ हायेत, असा शेरा मारला. मी गाडीचं पोट उघडत नाही मावशी, डोकं तपासते, असं सांगितल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या.

गॅरेज वाळूजच्या रस्त्याला लागून. पत्र्याचं, पण ऐसपैस. मालक सुदर्शनभाऊ कन्नड तालुक्यातले. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगतात, पण वायरिंगचं नाव काढलं की हात जोडतात. म्हणून तर मला बोलावलं. आजकालच्या गाडीत पुष्कळ छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दारांचे वेगळे. आम्ही त्यांना मॉड्यूल म्हणतो. सगळे मिळून पीळ दिलेल्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात आणि एखाद्याचं बोलणं तुटलं की गाडी रुसते. रुसलेल्यांना बोलतं करायचं, एवढंच माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक पांढरी गाडी आहे. पुरातून काढलेली. उद्या हिच्यापासून सुरुवात करा, असं भाऊ म्हणाले. चहा चांगला करतात इथे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पांढऱ्या गाडीला स्कॅनर लावला. फॉल्टची, म्हणजे बिघाडाच्या नोंदींची, ही मोठी रांग, पण बाकीच्या सगळ्या मॉड्यूलांची तक्रार एकच: मागच्या डाव्या दाराचं मॉड्यूल बोलत नाही. नेहमीच्या सवयीने मी आधी सगळे फॉल्ट पुसून टाकले. आमच्यात हीच रीत असते. खोटे फॉल्ट पुसले की जातात, खरा असेल तो परत येतो.

दुपारी गाडीचे मालक आले. साहेबराव, सोयगावचे, चाळिशीच्या आतबाहेर. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. गाडी दुरुस्त करायची नाही म्हणाले. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची आहे.

सप्टेंबरात ते मुलीला घेऊन घरी निघाले होते. दीपमाला, नऊ वर्षांची, घरातली दिपू, मागे डावीकडे बसलेली. तिला खिडकीतून हात बाहेर काढायचा भारी नाद. पाऊस आत येतो म्हणून साहेबराव वाटभर सांगत होते, दिपू, काच वर घे. ती हसायची आणि घ्यायची नाही. पुढे पुलावर पाणी चढलं होतं आणि गाडी कडेने ओढ्यात गेली. हे आपल्या खिडकीतून बाहेर निघाले. मागच्या दाराशी पोचले तर तिची काच बंद. दार हलेना, काच फुटेना.

आता त्यांना आठवत नाही. वैतागून आपणच पुढच्या बटनाने तिची काच वर घेऊन लॉक केली होती, की पाण्याने वायर गेली आणि तिने दाबूनही ती उघडली नाही? बायको तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही. "वायर असंल तर घरी तोंड दाखवीन, ताई," म्हणाले, "अन् बटन असंल तर..."

फॉल्ट पडतो त्या क्षणी कुठलं बटन दाबलेलं होतं, याची नोंद त्या फॉल्टबरोबरच साठवलेली असते. ती मी सकाळी चहा पिता पिता पुसली. त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

भाऊंना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. वायरच होती म्हणून सांगून टाका, पुरातल्या गाडीत लई जीव घालू नका, म्हणाले. मला ते पटलं नाही. माणूस उत्तर मागायला आला आणि मी त्याचं उत्तर पुसून टाकलं. आता शोधायचं मलाच.

मागचं डावं मॉड्यूल बटनासकट काढून टेबलावर उघडलं. आत नुसता गाळ. हे कोणाशी काय बोलणार! उन्हात वाळत ठेवलं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फॉल्ट परत आले का पाहायला स्कॅनर लावला. मागचं डावं मॉड्यूल हजर दाखवत होता. बटन दाबलेलं.

मॉड्यूल माझ्या समोर टेबलावर होतं, झाकण काढलेलं, एकही वायर न जोडलेलं. स्कॅनरच्या डोक्यात जुनं काही अडकलं असेल म्हणून मी हसले. भाऊंचा दुसरा स्कॅनर लावून पाहिला. त्यातही तेच. मागच्या सीटखालचा गालिचा ओला लागला. परवाच तर उन्हात कडकडीत वाळवला होता.

८ नोव्हेंबर, शनिवार

लाइनवर, म्हणजे त्या दोन वायरींवर, कोण गोंधळ घालतंय ते कळत नसेल तर एकेक मॉड्यूल काढत जायचं. ज्याला काढल्यावर लाइन शांत होते तो गुन्हेगार. आज भर दुपारी तेच केलं. इंजिनाचं काढलं, ब्रेकचं काढलं, चारही दारांची काढली. शेवटी लाइनवर कोणीच उरलं नाही. फक्त माझा लॅपटॉप, तोही नुसता ऐकायला लावलेला.

थोडा वेळ सगळं शांत होतं. मग एक संदेश आला. मागच्या डाव्या बटनाचा. मग पुन्हा तोच. मग तोच, तोच, तोच.

असं का होतं, हे मी शिकले आहे. या वायरींवर कोणी काही बोललं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने तरी पोच द्यावी लागते. ऐकलं, एवढंच. पोच मिळाली नाही तर बोलणारा तेच वाक्य म्हणत राहतो, कोणीतरी ऐकलं म्हणेपर्यंत. पाठ्यपुस्तकात हे वाचताना मला गंमत वाटली होती.

मी लॅपटॉपवरून पोच दिली. संदेश थांबला नाही. पोच माझ्याकडून नको असावी.

मला भीती वाटते आहे. पण त्याहून जास्त वाईट वाटतं आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविवारभर एकच विचार होता. बटन दाबलेलं आहे हे कळतं, पण कुठल्या बाजूला? आज मागच्या उजव्या दाराचं मॉड्यूल आणि काचांच्या मोटारी बाहेरच्या बॅटरीवर जोडल्या. उजवं बटन खाली दाबलं की कोणता आकडा जातो, वर ओढलं की कोणता, ते पाहिलं. मग मागच्या डाव्याच्या संदेशाशी ताडून पाहिलं. डावी काच खाली होते का तेही पाहिलं. अर्धी उतरून अडकली. बॅटरी काढून टेबलावर ठेवली, गाडीत आता दुसरी बॅटरी नाही.

संदेश काच खाली घ्यायचा नाही. वर घ्यायचा आहे.

लॉक केलेलं नव्हतं, वायरही गेली नव्हती. पाणी खिडकीतून आत यायला लागलं आणि तिला बाबांचं बोलणं आठवलं. तिने स्वतःच काच वर घेतली. वाटभर ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं. आणि तेव्हापासून ती सांगते आहे, घेतली. घेतली. घेतली.

गाडीच्या मागे जाऊन पोटभर रडले. भाऊ पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबरावांचा फोन. उद्या येतो म्हणाले. बायकोने आज पहिल्यांदाच बोलून विचारलं म्हणे, गॅरेजवाले काय म्हणतात.

खरं कसं सांगू? बटनही नाही, वायरही नाही, तुमचं वाक्य होतं, असं कोणत्या तोंडाने सांगू? वायर होती असंच सांगेन. माणूस घरी तरी जाईल.

पण मग तिला पोच कोण देणार?

गालिच्यावर आज बोटभर पाणी. गढूळ.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मागच्या सीटवर, डाव्या दाराशी बसून वहीत लिहिते आहे. लाइन इथूनच जाते, शेवटचं एकदा ऐकावं म्हणून. लॅपटॉप मांडीवर. संदेश चालूच आहेत. काच अर्धी खाली. बाहेर लख्ख ऊन. भाऊ जेवायला गेलेत.

साहेबराव आले. खिडकीशीच उभे राहिले. मी सांगितलं, वायरच होती.

दोन्ही हातांनी काच धरून रडताहेत. "मंग म्या नाय केलं," पुन्हा पुन्हा तेच. मला चांगलं वाटायला हवं होतं. संदेश आता आणखी घाईने येताहेत. तिनेही ऐकलं असेल मी काय सांगितलं ते—

शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या इकडे येताहेत. त्यांनी मागे पाहिलं आणि सवयीने तोंडातून गेलं. दिपू, काच वर घे.

स्वतःच दचकले.

काच—

वर जाते आहे. बॅटरी टेबलावर आहे. दिसते आहे मला इथून. मी बटन दाबलेलं नाही, बटनच नाही या दाराला—

बंद झाली. एकही दार उघडत नाही. ते बाहेरून ओढताहेत. काहीतरी ओरडताहेत, ऐकू येत नाही.

पाय ओले. गुडघ्यापर्यंत. गढूळ, थंड—

ती वाईट नाही. तिला सांगितलं तेच ती करते आहे. माझ्या शेजारी—

वही काचेला लावते. साहेबरावदादा, वाचा. मी खोटं बोलले. वायर नव्हती. तिने तुमचं ऐकलं. तिला एवढंच म्हणा, दिपू, तू ऐकलंस, मला कळ